जात्यापासून विहारापर्यंत : आमच्या आया-बहिणींच्या गाण्याचा इतिहास

आम्ही काही लेखक नाही. जिनिंगच्या पाळ्या करता करता जे वाचलं, चळवळीत फिरताना जे ऐकलं, तेवढीच आमची शिदोरी. चुकभूल असेल तर उपासक-उपासिकांनी सांभाळून घ्यावी.

संपादक मंडळाने आम्हाला 'विहाराचा इतिहास' हा विषय दिला होता. आम्ही जुनी पावती पुस्तकं आणि ठरावाचं रजिस्टर काढून बसलो. त्यात सगळं सापडलं. जागेचा प्रश्न कसा सुटला, पत्रे कुठून आले, सिमेंटची किती पोती लागली, मूर्ती कोणत्या गाडीतून आली, हे सर्व लिहिलेलं आहे. अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांची नावं ओळीने आहेत. आणि जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमाच्या नोंदीत शेवटी एक ठराविक वाक्य आहे : "महिला मंडळाने गीते सादर केली." कोणत्या महिला, कोणतं गीत, ते कोणी रचलं, काही नाही. इतक्या वर्षांत एकदाही नाही. यातल्या बऱ्याच नोंदी आमच्याच हातच्या आहेत, म्हणून दुसऱ्याला बोल लावता येत नाही. तेव्हा संपादक मंडळाची परवानगी घेऊन आम्ही विषय बदलून घेतला.

विहाराला पाया नव्हता तेव्हापासून आपल्या वस्तीत गाणं आहे. ते जात्यावर होतं. आजच्या मुलींना जातं म्हटलं की हळदीच्या दिवशी सुपारी बांधून ठेवलेला दगड आठवतो, म्हणून थोडं सांगतो. भल्या पहाटे, कोंबडं आरवायच्या आत, दोघीजणी समोरासमोर पाय पसरून बसायच्या. मधे जातं. एकाच खुंट्याला दोघींचे हात. एकीने मूठभर ज्वारी घालायची आणि फिरवता फिरवता ओवीची पहिली ओळ धरायची, दुसरीने ती झेलायची. घरात आठ-दहा खाणारी तोंडं, म्हणजे दळण तास-दीड तासाचं. बाईला दिवसभरात कोणाला काही बोलायची मुभा नव्हती, पण जात्यावर ती काहीही बोलू शकत होती. सासूचा जाच, माहेरची वाट, भावाने न नेलेली दिवाळी, सगळं त्या पिठात पडायचं. नवरा बाजेवर पडून ऐकत असेल, तरी ओवीला कोणी जाब विचारत नसे.

ओवीची एक रीत होती. पहिली ओवी कोणाला, दुसरी कोणाला, असं मोजून नाव घ्यायचं. पहिली ओवी देवाची. पंढरीचा विठ्ठल, राम, सीता, गावची मरीआई. ही रीत सर्व जातींच्या बायांत होती, आपल्याही होती. देवळाच्या पायरीवर सावली पडू देत नव्हते त्या देवाचं नाव आपली आई रोज पहाटे पहिलं घेत होती. निजामाच्या राजवटीतला हा आपला मराठवाडा, त्यात जहागीरदार-देशमुखांचा अंमल, महारकीची कामं, मेलेलं ढोर ओढायचं. शाळा कुठली. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान गेलं, पण गावातली उतरंड काही त्या तारखेला गेली नाही.

बाबासाहेबांचं नाव या भागात आलं ते असं हळूहळू आलं. ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नड तालुक्यात मक्रणपूरला परिषद झाली, भाऊसाहेब मोरे यांनी ती घडवून आणली आणि बाबासाहेब स्वतः आले. १९५० साली औरंगाबादला (आजचं छत्रपती संभाजीनगर) मिलिंद महाविद्यालयाची सुरुवात झाली. ज्यांची पोरं तिथं शिकायला गेली त्या घरांत बातमी आली. बाकी घरांत बातमी कशी आली? पेपर वाचणारा वस्तीत एखादा. पुरुष मंडळी चावडीपलीकडे बसून बोलायची ते बायांच्या कानावर अर्धंमुर्धं पडायचं. त्या अर्ध्यामुर्ध्याची त्यांनी ओवी केली. एका वस्तीतून लग्न होऊन गेलेली मुलगी ती ओवी सासरी घेऊन गेली, तिथल्या जावेने ती झेलली, आणि तिच्या नणंदेबरोबर ती तिसऱ्या गावाला गेली. बाबासाहेबांचा चष्मा, कोट, मोटार, हातातला पेन, हे आपल्या आज्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. तरी ओवीत ते असं यायचं की जणू आता दारात मोटार थांबली आहे.

मग १४ ऑक्टोबर १९५६. नागपूरला जाणं इकडच्या फार थोड्यांना जमलं. पुढे गावोगाव दीक्षेचे कार्यक्रम झाले, बावीस प्रतिज्ञा म्हटल्या गेल्या. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, राम-कृष्णाला मानणार नाही, गौरी-गणपतीला मानणार नाही. पुरुषांनी हात वर करून म्हटलं, बायांनीही म्हटलं. देव्हारे उचलले, कोणी विहिरीत टाकले, कोणी नदीत. आता आम्ही वाचकांना विचारतो, दुसऱ्या दिवशी पहाटे बाई जात्यावर बसली तेव्हा काय झालं असेल? दळण तर चुकत नाही. खुंट्याला हात लागला की तोंडात ओवी येणार. आणि पहिली ओवी कोणाची?

आमच्या मते आपल्या वस्त्यांतल्या धम्मांतराची खरी परीक्षा तिथं झाली. भाषण नव्हतं, फोटो नव्हता, बघणारं कोणी नव्हतं. त्या बायांनी गळा तोच ठेवला, रीत तीच ठेवली, मोजून नाव घेणंही ठेवलं. नाव बदललं. पहिल्या ओवीला भीमराव आला, बुद्ध आला. शरणगमनाचे पाली शब्द ज्वारीच्या दळणात बसवले. पुढे सात-आठ आठवड्यांतच, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं, आणि भाऊ गेल्यावर जसं रडतात तसं रडणंही ओवीत आलं. हे सर्व न लिहिता, न वाचता.

हे आम्ही अंदाजाने सांगत नाही, त्याला पुरावा आहे आणि तो आपल्याच जिल्ह्यातला आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, पण इथेच राहून इथलेच झालेले गी पॉइटवाँ या दोघांनी १९८० च्या दशकापासून गावोगावच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या. एक लाखाच्या वर ओव्या, हजारावर गावं, तीन हजारांवर गाणाऱ्या बाया. संगीताचे अभ्यासक बर्नार बेल यांनी पुढे त्यांच्याबरोबर ध्वनिमुद्रण केलं. १९९६ साली ही मंडळी माजलगावच्या भीमनगरात आली. राधाबाई बोऱ्हाडे, वाल्हाबाई टाकणखार, रंगूबाई पोटभरे आणि आणखी काही जणी त्यांच्यासमोर गायल्या. बाबासाहेबांवरच्या ओव्यांचा मोठा ठेवा या आपल्या तालुक्याच्या गावी निघाला. २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' म्हणजे 'परी' या संकेतस्थळावर तो टप्प्याटप्प्याने आला आणि मोबाईलवर कोणालाही ऐकता येऊ लागला. पॉइटवाँ २००४ साली गेले, त्यांना हे पाहता आलं नाही.

आम्ही ते पहिल्यांदा ऐकलं ते रात्रपाळीहून आल्यावर, मुलाच्या मोबाईलवर. खरं सांगायचं तर ऐकताना आधी अभिमान वाटला आणि मग लाज. त्याचं कारण असं. संग्रहात गाणारीचं नाव आहे, गाव आहे, तालुका आहे. रमाईविषयीची माया आहे. १९४८ साली डॉ. शारदा कबीर यांच्याशी बाबासाहेबांचा विवाह झाला, त्यावरही बायांनी आपल्या समजुतीप्रमाणे ओव्या केल्या आहेत. आम्हा कार्यकर्त्यांना ज्या विषयावर सभेत बोलायला अवघड जातं तो विषय त्यांनी दळताना मोकळा केला. आणि माजलगावच्या आया असं गात होत्या त्याच सुमारास आम्ही इकडे आमच्या घरात काय करत होतो?

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही विशी-पंचविशीत होतो. विद्यापीठ नामांतराची लढाई २७ जुलै १९७८ च्या विधिमंडळाच्या ठरावापासून चाललेली. मराठवाड्यात घरं जळाली, माणसं मारली गेली, लाँग मार्च निघाला, आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. अंगात वारं शिरलेलं. बावीस प्रतिज्ञा पाठ, चार पुस्तकं वाचलेली, ती शहाणपणाला पुष्कळ झाली. आमच्या मायला जुन्या ओव्या म्हणायची सवय. तोवर जातं कोपऱ्यात उभं राहिलं होतं, पिठाची गिरणी येऊन बरीच वर्षं झाली होती, पण डाळ भरडताना किंवा नातवंडाला मांडीवर घेऊन ती गुणगुणायची. आम्ही एक दिवस तिला म्हणालो, "हे देवाधर्माचं जुनं रडगाणं आता बंद कर. धम्मात हे चालत नाही." ती म्हणाली, "गळा माझाय, देवाचा न्हाई." आणि त्या दिवसापासून आमच्यासमोर गायची बंद झाली. ती काय गात होती हे आम्ही नीट ऐकलंसुद्धा नव्हतं. ऐकलं असतं तर कळलं असतं की त्यात पहिलं नाव कोणाचं होतं. आज ती कालकथित आहे. तिची एकही ओवी आमच्याजवळ नाही.

विहाराच्या गाण्याकडे येऊ. जातं थांबलं म्हणून गाणं थांबलं नाही, ते वाटेत दोन-चार ठिकाणी थांबून विहारात आलं. १९७२ च्या दुष्काळात आपल्या बाया खडी फोडायला गेल्या, मिलो आणि सुकडीवर दिवस काढले. तिथं दोघींच्या जागी पन्नास जणी एका रांगेत बसलेल्या, आणि हातोड्याच्या ठेक्यावर एकीने सांगायचं, सगळ्यांनी ओढायचं. जुन्या बाया सांगतात की एकत्र, मोठ्याने, पुरुषांच्या देखत गायची सवय तिथं लागली. खुरपणीत, कापूस वेचणीत ती टिकली. जिनिंगमध्ये कापूस निवडणाऱ्या बाया अजून मशीनच्या आवाजात गातात, आवाज ऐकू येत नाही, नुसते ओठ हलताना दिसतात.

दुसरी वाट पाळण्याची. बुद्ध पौर्णिमेला आणि भीमजयंतीला पाळणा बांधून बाया गातात ही आपली जुनी प्रथा. लग्नातही मंगलाष्टकं गेली, मंगल गाथा आल्या, आणि हळदीच्या गाण्यांत भीमराव-रमाई आले. विहाराचं पत्र्याचं शेड उभं राहिल्यावर आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन सुरू झालं. वाचायला पुरुष, ऐकायला बाया. वाचन संपल्यावर एखादं गीत व्हायचं. त्या एका गीतापायी पांढऱ्या साड्या नेसून बाया वेळेच्या आधी येऊन बसायच्या. त्यातून मंडळ झालं. आधी नुसते टाळ होते. ढोलकी पुरुषाने वाजवायची अशी रूढी, कोणाचा तरी पोरगा धरून आणायचा आणि तो नेमका त्या दिवशी गावाला जायचा. शेवटी एका भगिनीने रिकाम्या डब्यावर हात बसवून घेतला आणि मग वर्गणीतून ढोलकी घेतली. तिच्या नवऱ्याला चार दिवस लोकांनी चिडवलं. पाचव्या दिवशी तोच ढोलकी खांद्यावर टाकून तिच्या मागे विहारात आला.

वाचनाचा विषय निघाला म्हणून एक आठवण. एका वर्षावासात आम्ही थेरीगाथेवर बोललो. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या भिक्खुणींची ही गाणी तिपिटकात जपलेली आहेत. त्यात मुत्ता नावाची थेरी सांगते की आपण तीन वाकड्या गोष्टींतून सुटलो : उखळ, मुसळ आणि वाकडा नवरा. एवढं सांगितलं आणि बायांत जो हशा पिकला तो आवरेना. मागून एक आजी म्हणाली, "ती बी आमच्यासारखीच दळण-कांडणातली दिसती." आम्ही पुस्तकं वाचून जे तासभर सांगणार होतो ते तिने एका वाक्यात सांगून टाकलं, आम्ही पुस्तक मिटलं.

आता एक प्रसंग, जो रजिस्टरात नाही. एका जयंतीला बाहेरगावची गायन पार्टी बोलावली होती. बिदागी ठरलेली, गर्दी जमलेली, वेळ होत आलेली. बायांचा पाळणा सुरू झाला. माईक आमच्याच हातात होता. पार्टीवाले घड्याळ दाखवू लागले म्हणून आम्ही जाहीर केलं, "महिला मंडळाने पाळणा दोन मिनिटांत आटोपता घ्यावा." पाळण्याची दोरी एका म्हाताऱ्या उपासिकेच्या हातात होती. तिने दोरी सोडली आणि माईकशिवायच म्हणाली, "दोन मिनिटांत लेकरू निजतं का रे बाबा?" सगळ्या बाया उठल्या. पाळणा सोडला, आतला बाबासाहेबांचा फोटो छातीशी धरला आणि पलीकडे लिंबाखाली जाऊन पाळणा फांदीला बांधला. त्यांच्या मागे लेकरं गेली, लेकरांमागे म्हातारे गेले, आणि पार्टीने अर्ध्या रिकाम्या सतरंजीपुढे पेटी उघडली. लिंबाखाली रात्री उशिरापर्यंत गाणं चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. आम्ही माफी मागितली, मनातून नव्हे, मंडळ मोडेल या भीतीने. मनातून मागायला आणखी काही वर्षं लागली. ठरलं ते एवढंच की जयंतीला पहिला मान पाळण्याचा आणि त्याला वेळेचं बंधन नाही. तो नियम आजवर पाळला जातो, पण कोणामुळे झाला हे नव्या पिढीला ठाऊक नाही. रजिस्टरात त्या रात्रीची नोंद आहे : "महिला मंडळाने गीते सादर केली."

मुंबईच्या उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी बायांच्या घरोघरी जाऊन आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांची माहिती गोळा केली आणि 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली आलं. ते पुस्तक आपल्या विहाराच्या कपाटात आहे. आम्ही त्यावर भाषणही केलेलं आहे. पण त्या दोघींनी जे केलं ते आपल्या गल्लीत करावं असं आम्हाला सुचलं नाही.

मंडळाची दुसरी अडचण आपल्या जिल्ह्याची अडचण आहे. अशोक विजयादशमी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या हलतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयता म्हणजे नवरा-बायको दोघंही जातात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, थेट पाडव्याच्या आगेमागे परततात. त्यामुळे वर्षावासात विहारात बसायला जागा पुरत नाही आणि ६ डिसेंबरला अभिवादनाला अर्ध्या आवाजी नसतात. ज्या राहतात त्या म्हाताऱ्या आणि शाळकरी पोरी. एका भगिनीने सांगितलेलं आम्ही विसरू शकत नाही. कारखान्याच्या माळावर कोपीसमोर, दिवसभर मोळ्या वाहून आल्यावर, ६ डिसेंबरच्या संध्याकाळी त्या पाच-सहा जणींनी मेणबत्ती लावून आपली नेहमीची गीतं म्हटली. शेजारच्या कोप्यांतल्या दुसऱ्या जिल्ह्यांतल्या बाया येऊन बसल्या, त्यांनी त्यांची म्हटली. चाल वेगळी, बोल ओळखीचे. येताना या त्यांची दोन गाणी घेऊन आल्या. आज आपल्या विहारात वंदनेनंतर जे गीत म्हणतात त्यातलं एक असं उसाच्या फडातून आलेलं आहे.

अलीकडे डी.जे. आला. त्याच्याविषयी बोलून आम्हाला पोरांचा राग ओढवून घ्यायचा नाही, पण त्याच्यापुढे टाळ ऐकू येत नाही एवढं खरं. दुसरीकडे मोबाईलवर आपल्या मराठवाड्याच्या कडूबाई खरात यांचं एकतारीवरचं गाणं लाखो लोकांनी ऐकलं, आणि ते ऐकून आपल्या वस्तीतल्या दोन मुली आजीजवळ बसून "तुझं म्हणून दाखव" म्हणू लागल्या. आमच्या सांगण्याने जे झालं नव्हतं ते त्या गाण्याने झालं.

त्या मुलींनी आता वह्या केल्या आहेत. या वर्षावासात दर पौर्णिमेला वाचन झाल्यावर एकेका उपासिकेने बसून गायचं, मुलींनी लिहून घ्यायचं, मोबाईलवर आवाजही ठेवायचा असं ठरलं आहे. गाणं कोणाचं, कोणाकडून शिकलं, कोणत्या गावचं, हे आधी लिहायचं. मंडळात आजवर गायलेल्या, हयात आणि कालकथित, जेवढ्या भगिनींची नावं विचारून विचारून मिळाली तेवढी या स्मरणिकेत स्वतंत्र पानावर दिली आहेत. कोणाचं राहिलं असेल तर घरच्यांनी विहारात येऊन सांगावं, पुढच्या अंकाची वाट पाहू नये.

सुरुवात म्हणून आम्ही स्वतः वही घेऊन वस्तीतल्या सर्वांत जुन्या उपासिकेकडे गेलो. ऐंशीच्या पुढचं वय, डोळ्याला दिसत नाही. आम्ही नाव लिहिलं आणि सवयीप्रमाणे पुढे सासरचं गाव लिहू लागलो. तिने विचारलं, "काय लिहितूस?" आम्ही सांगितलं. तर म्हणाली, "आधी माहेरचं गाव लिव्ह. गाणं तिथलंय." आम्ही खोडून पुन्हा लिहिलं, आणि तिने पहिली ओवी धरली.